तीन एप्रिलचा घेवडा

१

जांभळ्या कपाटात बुटका घेवडा नव्हता.

संचालकबाईंनी आपल्या खोलीतल्या त्या कपाटाचे चारही खण उपसले. वरच्या खणात करार, दुसऱ्यात शिक्के, तिसऱ्यात दुसऱ्या संस्थांकडून आलेली बियांची पाकिटं, चौथ्यात एक जुनी छत्री. घेवडा कुठेच नाही. बीज बँकेत चार हजारांवर वाण होते, पण बुटक्या घेवड्याचं बी दुसरीकडे कुठे असल्याची नोंद नव्हती. बारा वर्षं जपलेलं ते बी याच हंगामात पेरायला हवं होतं. आणखी वर्षभर थांबलं तर ते उगवेल याचा भरवसा कुणी देत नव्हतं.

यादी मात्र चोख होती. वाण, बुटका घेवडा. जागा, जांभळा. बाहेर नेल्याची तारीख, ३ एप्रिल. कोणी नेला, रिकामं. आणून देणारा, तेही रिकामं.

तीन एप्रिलला बँकेला सुट्टी होती. हजेरीच्या वहीत त्या दिवशी एकच सही होती, ती काचघरातल्या रोपांना पाणी घालणाऱ्या माणसाची. त्याला सगळे झारी म्हणत. खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणाला आठवत नसे. बाईंच्या खोलीतल्या कुंड्यांनाही तोच पाणी घाली, म्हणून खोलीची एक किल्ली त्याच्या कनवटीला. जांभळ्या कपाटाची किल्ली बाईंच्या टेबलाच्या खणात असते, हे तर भिंतींनाही ठाऊक होतं.

हे सगळं तात्यांना गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी कळलं. सांगणारी त्यांची सून.

"झारीकाकांना काढणार, तात्या. आज पाचला बैठक आहे. पत्र टाईप होऊन पडलंय, सही तेवढी बाकी."

तात्यांनी कप खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. "झारीला? अगं, तो दुसऱ्याच्या कुंडीतलं गवतसुद्धा विचारून उपटतो!"

"यादी तसंच सांगतेय."

"यादी काय देवानं लिहिली?"

"नाही," सूनबाई खाली बघत म्हणाली. "मी केलीय."

तात्या बीज बँकेत बावीस वर्षं होते, आधी हमाल आणि मग स्टोअरकीपर. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. त्यांच्यामागून सूनबाई तिथल्या संगणक विभागात लागली. बँकेचं जुनं मशीन महिन्यापूर्वी कायमचं बंद झालं तेव्हा त्यातल्या सगळ्या नोंदी तिनं पायथन नावाच्या संगणकभाषेत स्क्रिप्ट लिहून स्प्रेडशीटमध्ये आणल्या. चार हजार ओळी एका दिवसात. बाईंनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं. तीच यादी आता एका माणसाच्या मानेवर बसली होती.

"घेवडा मीच ठेवला होता," तात्या म्हणाले. "बारा वर्षांपूर्वी, या हातांनी."

"कुठल्या खणात?"

तात्यांनी डोळे मिटले. चाळीस कपाटं, प्रत्येकात दहा खण, रोजची दहा-वीस पाकिटं. "ते नाही आठवत," ते म्हणाले आणि उठून चपला शोधू लागले. चपला पायातच होत्या.

२

काचघरात उकडत होतं. झारी रोपांना पाणी घालत होता, म्हणजे रोपांवर राग काढत होता. कुंड्या भरून वाहत होत्या.

"बुडवशील त्यांना," तात्या म्हणाले.

"बुडू देत. उद्यापासून दुसरा येईल वाळवायला." झारीनं मागे वळूनही पाहिलं नाही. "तू कशाला आलास? शेवटचं तोंड बघायला?"

"तुझं तोंड बघायला उन्हातून चालत कोण येतंय! नीट सांग. तीन एप्रिलला काय केलंस?"

"पाणी घातलं. दर सुट्टीला घालतो. सुट्टी आहे हे रोपांना कोण सांगणार?"

"आणि घेवडा?"

आता झारी वळला. "तात्या, तो घेवडा माझ्या आईचा आहे. तूच तिच्याकडून घेतलास. पोरांना घरात जागा नाही पण बियांना तुमच्याकडे स्वतंत्र खोली, असं म्हणून हसली होती ती तुला. मी आईचं बी चोरेन?"

"हे बाईंना सांगितलंस?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, यादीत देणाऱ्याचं नावच नाही. म्हणजे मी खोटारडा. शिवाय फेब्रुवारीत मी मूठभर बी मागितलं होतं, परसात लावायला. बाई नाही म्हणाल्या, शेवटचंच आहे म्हणून. आता सगळे म्हणतात, मागून मिळालं नाही म्हणून हात मारला."

तात्या कुंड्यांमधून येरझाऱ्या घालू लागले. पाय एका जागी ठरेना. "पण कपाटाला तर तू हात लावला नाहीस ना? एवढं बोललास तरी पुरे."

झारी पुन्हा कुंड्यांकडे वळला.

"झारी?"

"उघडलं होतं," तो म्हणाला. "तीन तारखेलाच. जांभळं कपाट मी उघडलं होतं, तात्या."

३

"छत्रीसाठी!" झारी ओरडला. "त्या दिवशी अवेळी सर आली. बाईंच्या खोलीतून काचघरापर्यंत यायचं, तर डोक्यावर काहीतरी नको? खण उघडला, छत्री घेतली, दुसऱ्या दिवशी ठेवून दिली. बाकी कशाकडे पाहिलंसुद्धा नाही."

"कुणाला बोललास हे?"

"वेडा आहे का मी?"

तात्यांना वाटलं, हो, आहेस. पण ते बोलले नाहीत. झारीला ते तीस वर्षं ओळखत होते. खोटं बोलताना तो डावा कान खाजवतो. आज दोन्ही हात झारीवर होते. तरी बाईंना हे कळलं, तर पाचची वाट न बघता सही होईल.

अकरा वाजून गेले होते. तात्या थेट शीतखोलीकडे निघाले.

शीतखोलीच्या दारापाशी आताचा स्टोअरकीपर खुर्चीत बसला होता. पन्नाशीचा, गुळगुळीत दाढीचा माणूस. कुणी काहीही म्हटलं तरी तो आधी "अगदी बरोबर" म्हणे आणि मग ऐके, म्हणून त्याचं नाव पडलं होतं बरोबर. समोर वरिष्ठ असले की तो दोनदा म्हणे.

"या या तात्या! तुमची खुर्ची अजून तशीच करकरते."

"तेल घालायचं असतं तिला. घेवड्याचं काय झालं हो?"

"वाईट झालं. झारीसारखा माणूस! पण काय करणार, यादी बोलतेय."

"तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?"

"मार्चमध्ये. वार्षिक मोजणी केली ना जुन्या मशीनवर. एकेक वाण डोळ्यांनी पाहिला, मगच खूण केली. घेवडा होता, जांभळ्या कपाटात. बाईंना मी तसं लेखी दिलंय."

म्हणजे मार्चमध्ये होता आणि एप्रिलमध्ये गेला. हेच लेखी झारीला बुडवत होतं. तात्यांनी दाराच्या चौकटीला टेकून पाहिलं, पण टेकवेना. ते पुन्हा सरळ झाले.

"माझी आठवण आता दगा देते," ते म्हणाले. "तपकिरी कागदाच्या पाकिटात होता ना तो?"

"अगदी बरोबर."

"वर लाल दोरा बांधलेला?"

"बरोबर, लालच."

"आणि कोपऱ्यात शाईचा डाग? माझ्याच हातून सांडली होती."

"अहो, तो डाग पाहिला आणि तुमचीच आठवण झाली!"

तात्यांनी मान डोलावली, आभार मानले आणि तिथून बाहेर पडले. कोपऱ्यावर वळल्यावर त्यांनी भिंतीला हात टेकवला.

बुटका घेवडा कागदात नव्हताच. झारीच्या आईनं तो जुन्या परकराच्या कापडाची थैली शिवून तिच्यात आणला होता. हिरवी थैली, पांढरे ठिपके. तात्यांनी तो तसाच ठेवला होता, कारण म्हातारी म्हणाली होती, कागदात माझ्या बियांना गुदमरेल.

बरोबरनं घेवडा कधी पाहिलाच नव्हता.

४

पण खोटं बोलणारा म्हणजे चोर नव्हे. बरोबरला घेवड्याचं काय करायचं होतं? त्याच्या गॅलरीत निवडुंगसुद्धा सुकला होता. तात्या व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले. दोनदा प्यूननं पाणी विचारलं, दोनदा त्यांनी हो म्हटलं आणि दोन्ही वेळा ते न पिता पुढे गेले. एक वाजला. दोन वाजले. बाई कुठल्याशा भेटीला बाहेर गेल्या होत्या, त्या तीनला आल्या.

"तात्या, तुम्हाला वाईट वाटतंय हे समजतं मला," बाई बसल्या बसल्या म्हणाल्या. "मलाही बरं वाटत नाहीये. पण मी भावनेवर बँक चालवू शकत नाही."

"चालवू नका. मला फक्त कपाट बघू द्या."

कपाट खिडकीशी होतं. लोखंडी, चकचकीत, पिकल्या जांभळासारखं.

"हे माझ्या वेळी नव्हतं."

"दोन वर्षं झाली घेऊन. रंग दुकानदारानं चुकून पाठवला, मग तसंच ठेवलं."

"मग घेवडा बारा वर्षांपूर्वीचा आणि कपाट दोन वर्षांचं. याच्यात तो हलवला कुणी?"

बाईंनी कपाळावर आठी घातली. "हलवल्याची नोंद नाही. पण यादीत जागा हीच आहे."

"यादी बघू?"

बाईंनी छापील पानं पुढे सरकवली. तात्यांनी चष्मा पुसला, पानावर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. वाचताना त्यांचे ओठ हलत. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. अक्षरं शिकले ती पन्नाशी ओलांडल्यावर, घरी, ओट्याशी उभं राहून. लहानपणी शिकलेली माणसं शब्दाचा चेहरा पाहतात आणि पुढे जातात. तात्यांना प्रत्येक अक्षराच्या दारात थांबून कोण आहे म्हणून विचारावं लागे. बाई घड्याळाकडे पाहत राहिल्या.

"बु-ट-का. बुटका. घे-व-डा. घेवडा." बोट पुढे सरकलं. "जां-भ-ळा."

बोट थांबलं.

"काय झालं?"

"बाई, हे कपाट कसलं आहे?"

"लोखंडी."

"रंगानं हो."

"जांभळं." बाईंचा आवाज चढला. "तात्या, पावणेचार वाजलेत—"

"जांभळं. बरोबर. मी विचारलं तरी तुम्ही जांभळंच म्हणालात. झारी चिडून बोलला, तोही जांभळंच म्हणाला. कपाट जांभळं असतं, पेटी जांभळी असते." त्यांनी पान बाईंसमोर फिरवलं. "मग इथे जांभळा का लिहिलंय? कपाट कधी जांभळा झालंय का कुणाच्या तोंडी?"

बाईंनी पान जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "टायपिंगची चूक असेल."

"असेल. पण बाकीच्या ओळींत जागा कशी लिहिलीय बघा. बारा-सहा, नऊ-दोन, एकतीस-आठ. आधी कपाटाचा आकडा, मग खणाचा. पानभर आकडे आणि या एकाच ओळीत रंग? आणखी एक. आणून देणाऱ्याचं नाव रिकामं. स्टोअरकीपर असताना मी एक बी देणाऱ्याच्या नावाशिवाय आत घेतलं नाही. नाव सांगत नसेल तर माणूस परत पाठवायचो मी."

"म्हणजे कुणीतरी नाव पुसलं?"

"एकानं नाव पुसलं, रंग लिहिला आणि तारीखही घातली? एवढं करणारा माणूस स्वतःच्या सोयीची तारीख घालेल. सुट्टीची कशाला घालेल?" तात्यांनी पान खाली ठेवलं. "ही चोरी एका माणसाची नाही वाटत मला. ही ओळच कुठेतरी घसरलीय."

"घसरलीय म्हणजे?"

पण तात्या दाराबाहेर होते.

५

सूनबाईच्या टेबलावर दोन पडदे होते. तात्या आल्या आल्या तिच्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालू लागले.

"तात्या, बसा ना. माझी मान दुखते तुमच्याकडे बघून."

"बसवत नाही. मला सांग, तुझं ते यंत्र यादी करतं कसं? मला कळेल असं सांग."

"यंत्र नाही, स्क्रिप्ट. म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामाची चिठ्ठी, आधी हे कर, मग ते कर." ती वळली. "जुन्या मशीननं सगळ्या नोंदी एका साध्या फाईलमध्ये ओकून दिल्या. एका वाणाची एक ओळ. वाण, जागा, तारीख, कोणी नेला, देणारा, सगळं एकापुढे एक. स्क्रिप्ट ती ओळ घेते, तिचे तुकडे करते आणि एकेक तुकडा एकेका रकान्यात ठेवते."

"आणि तारीख?"

"तिसऱ्या रकान्यात जे येईल ते तारीख म्हणून वाच, असं मी सांगितलंय. वर्ष नसेल तर चालू वर्ष धर."

"तुकडे कुठे करायचे ते तिला कसं कळतं?"

"दोन तुकड्यांच्या मध्ये खूण असते ना. तिथे कापायचं."

"कसली खूण?"

"स्वल्पविराम."

तात्या उभ्या जागी थांबले. सकाळपासूनच्या येरझाऱ्या थांबल्या.

"सूनबाई," ते पडद्याकडे वाकत म्हणाले. "ती घेवड्याची ओळ दाखव. छापलेली नको, पडद्यावरची. आणि उजवीकडे सरकव. आणखी. पाचव्या रकान्याच्याही पुढे."

"पुढे काही नाही, तात्या. पाचच रकाने आहेत. छपाईलाही मी पाचच—"

ती बोलायची थांबली. पाच मथळ्यांच्या पलीकडे, जिथे मथळाच नव्हता, तिथे सहाव्या चौकटीत दोनच शब्द एकटे बसले होते.

झारीची आई.

"हे इथे कसं आलं?" सूनबाई पुटपुटली. तिची बोटं आधीच मूळ फाईल उघडत होती. चार हजार ओळी सरसर वर गेल्या. मग ती ओळ आली.

बुटका घेवडा, जांभळा,३-४,,,झारीची आई

दोघंही ती ओळ बघत राहिले. तात्यांचे ओठ हलत होते. सूनबाईचेही.

"वाणाच्या नावातच स्वल्पविराम आहे," ती हळूच म्हणाली. "माझ्या स्क्रिप्टनं नावालाच कात्री लावली. बुटका घेवडा पहिल्या रकान्यात. जांभळा हा घेवड्याचाच रंग, तो जाऊन बसला जागेच्या रकान्यात. मग सगळंच एकेक घर पुढे सरकलं. जागा होती तीन-चार, ती पडली तारखेच्या रकान्यात आणि—"

"तीन-चारची झाली तीन एप्रिल."

"आणि वर्ष चालू धरलं." तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी पहिल्या पन्नास ओळी तपासल्या होत्या, तात्या. आणि शेवटच्या पन्नास. मधल्यात बघितलंच नाही. माझ्यामुळे त्या माणसाला... मी आता बाईंना काय सांगू? मीच काढून टाकायच्या लायकीची आहे."

घड्याळात चार वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

"रडायला नंतर वेळ देईन," तात्या म्हणाले. "आणि सगळं तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. तुझ्या कात्रीनं कापलं, कारण कापायची खूण मी ठेवली होती. तो स्वल्पविराम माझा आहे."

६

तिसरं कपाट शीतखोलीच्या पार आतल्या भिंतीशी होतं. बरोबर किल्ल्या घेऊन पुढे चालत होता आणि थंडीतही त्याला घाम येत होता. मागे बाई, त्यांच्यामागे सूनबाई. झारीला तात्यांनी हाताला धरून आणलं होतं. त्याच्या दुसऱ्या हातात पाण्याची झारी तशीच होती, ठेवायचं सुचलंच नव्हतं.

"इथे काही सापडलं नाही तर?" बाई म्हणाल्या.

"तर माझंही नाव त्या पत्रात घाला," तात्या म्हणाले. "निवृत्त माणसाला काढता येत असेल तर."

चौथा खण अडकला. बरोबरनं ओढला, हलला नाही. झारीनं झारी खाली ठेवली, एक हिसका दिला. खण बाहेर आला.

तपकिरी पाकिटांच्या रांगेत, अगदी मागे, एक हिरवी थैली होती. पांढरे ठिपके विटले होते, टाके मात्र घट्ट. झारीनं ती उचलली नाही. नुसता बोटाच्या टोकानं स्पर्श केला आणि हात मागे घेतला.

"परकर," तो म्हणाला. "तिचा परकर आहे हा."

मग बाईंनी बरोबरकडे पाहिलं.

"तुम्ही मार्चमध्ये घेवडा पाहिला होता. जांभळ्या कपाटात."

"तपकिरी कागदात," तात्या म्हणाले. "लाल दोरा. शाईचा डाग."

बरोबरच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदाच बरोबर निघालं नाही. "चार हजार वाण, बाई," तो शेवटी म्हणाला. "एका माणसानं एका आठवड्यात कसे बघायचे? मी सगळ्यांवर एकदम खूण केली. मग तुम्ही विचारलंत तेव्हा यादीत जे होतं तेच आठवायला लागलो. आठवता आठवता खरंच वाटलं, की पाहिलंय."

"एका माणसाची नोकरी गेली असती, तुमच्या आठवण्यानं."

"बरोबर," तो म्हणाला, अगदी हळू.

बाईंनी बॅगेतून पत्र काढलं, दोनदा फाडलं आणि तुकडे कुठे टाकावेत न कळून परत बॅगेतच ठेवले. "मी तुमची माफी मागते," त्या झारीला म्हणाल्या. "मोजणी आता नव्यानं होईल, डोळ्यांनी, आणि मीही उभी राहीन. आणि घेवडा पेराल तुम्ही. काचघरात, या हंगामात. पहिलं मूठभर बी निघेल ते तुमच्या परसाला."

झारीनं मान हलवली. मग त्याला काहीतरी आठवलं. "बाई, एक सांगायचं राहिलंय. तीन एप्रिलला तुमची छत्री नेली होती मी."

"अच्छा, ते तुम्ही होय," बाई म्हणाल्या. "उलटी मिटून ठेवली होतीत."

बाहेर व्हरांड्यात ऊन उतरत होतं. सूनबाई मागून चालत होती. पायरीशी ती थांबली.

"तात्या, एक विचारू? चार हजार नोंदींपैकी एकीतच असा स्वल्पविराम आहे. बाकी कुठेच कसा नाही?"

तात्या पायरीवर बसले. सकाळच्या चहानंतर पहिल्यांदाच बसले.

"तुझी सासू मला शिकवायची. तुला माहीत आहे ते. अक्षरं झाली, जोडाक्षरं झाली. एका संध्याकाळी तिनं स्वल्पविराम शिकवला. म्हणाली, इथे एक श्वास थांबायचं, घाई नाही करायची. मला तो भारी आवडला. इतकं छोटं चिन्ह आणि माणसाला थांबवतं! दुसऱ्या दिवशी झारीची आई घेवडा घेऊन आली. मी मशीनवर लिहिलं बुटका घेवडा, खूण काढली, एक श्वास थांबलो आणि लिहिलं जांभळा. छाती फुगवून तेव्हाच्या संचालकसाहेबांना दाखवलं. साहेब हसले. म्हणाले, नोंदीत असली शेपटी नको, तात्या, इथे निबंध लिहायचा नाही. सगळ्यांसमोर म्हणाले. त्यानंतर मी बँकेत कधी स्वल्पविराम काढला नाही."

काचघरातून झारीचा आवाज येत होता. तो कुंडीला ओरडत होता, पण वेगळ्या सुरात.

"तो काढून टाकते मी," ती थोड्या वेळानं म्हणाली. "म्हणजे पुन्हा असं व्हायला नको."

"हो, काढ," तात्या म्हणाले. "काढायलाच हवा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती नवी यादी घरी घेऊन आली. रात्रीच्या जेवणाआधी टेबलावर पसरली, आणि तात्यांनी चष्मा शोधायच्या आत बोट ठेवून दाखवलं. पाचही रकाने आपापल्या जागी. जागा, ३-४. तारीख, रिकामी. कोणी नेला, रिकामं. देणारा, झारीची आई.

"सगळ्या ओळी तपासल्या," ती म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. डोळे गेले."

तात्यांचं बोट पहिल्या रकान्यावर आलं आणि थांबलं.

"अगं, हा तर इथेच आहे."

"आहे. जुन्या फाईलमध्ये ज्याच्यापुढे रिकामी जागा सोडलीय असा तेवढा एकच स्वल्पविराम होता. तुम्ही श्वास घेतला होतात ना, तो तिथे दिसतो. स्क्रिप्टला सांगितलं, पुढे मोकळी जागा असेल तिथे कापायचं नाही. कात्री बदलली मी. शेपटी तशीच ठेवली."

तात्यांना चष्मा पुसावा लागला. पुसून झाला तरी ते पुसतच राहिले, म्हणून मग तिनंच वाचलं. कधी नव्हे ते बोट ठेवून, मोठ्यानं.

"बुटका घेवडा," ती म्हणाली, आणि एक श्वास थांबली. "जांभळा."